सीताफळाच्या बिया आणि माझं सध्याचं स्वरूप

माझे केस गळतात, असं लोक म्हणतात. मला हा शब्दच मान्य नाही. नळ गळतो, पत्रा गळतो, आणि त्यांना वर डांबर तरी लावता येतं. माझे केस कचेरीतल्या लोकांसारखे गेले. आधी एकेक जण, मग घोळक्याने, आणि जाताना कुणीही रजेचा अर्ज दिला नाही. आता कानांच्या आसपास थोडे आहेत, तेही चार्ज द्यायला थांबल्यासारखे वाटतात.

मला स्वतःला याची कधी काळजी नव्हती. आरशात बघताना हनुवटी थोडी वर धरली की कपाळ संपतं कुठे हा प्रश्नच येत नाही. अडचण आली ती आईने माझा बायोडाटा शिरूर कासारला पाठवला तेव्हा. त्याला तिने चार वर्षांपूर्वीचा फोटो जोडला होता. त्या फोटोत मला भांग आहे. भांग ही गोष्ट दोन्ही बाजूंना केस असल्याशिवाय पडत नाही, हे समोरच्यालाही कळतं.

"आई, नवा फोटो देऊ ना."

"नवा फोटो द्यायला नवा आहेस का तू?" आई म्हणाली, आणि विषय संपला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी बीडला एका सरकारी कचेरीत डाटा एंट्री करतो. सात वर्षं झाली, पण कंत्राटी. आमच्याकडे पोरगा काळा चालतो, बुटका चालतो, कंत्राटी चालत नाही. त्यामुळे आजवर मुलगी बघायचा कार्यक्रम माझ्या वाट्याला आलाच नव्हता, लोक फोनवरच आटपायचे. शिरूर कासारचे गहिनीनाथ मुकादम हे पहिले गृहस्थ, ज्यांनी फोटो पाहून "या" म्हटलं. धाकटी लेक वर्षाराणी. तिच्या बायोडाटात एवढंच लिहिलं होतं, 'बीड येथे खाजगी नोकरी'. मी तिचा फोटो पाहिला आणि मला वाटलं, ही माझ्याशी लग्न करेल. का वाटलं ते सांगता येत नाही. मला बऱ्याच गोष्टी आधीच वाटतात.

मुकादमांनी रविवार ठरवून दिला. त्यानंतरच्या मंगळवारी ते ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्याला निघणार होते, आणि एकदा निघाले की चैत्रापर्यंत हाती लागणार नव्हते. "जे हाय नाय ते मंगळवारच्या आत सांगायचं," असा निरोप होता. म्हणजे फोटोतला माणूस तयार करायला माझ्याकडे एकोणीस दिवस होते. मला ते भरपूर वाटले. सोयाबीन पाच दिवसांत उगवतं.

पहिला इलाज शेजारच्या हाफिजा खालांचा. त्यांनी कलौंजी घालून उकळलेलं तेल दिलं आणि वर कांद्याचा रस सांगितला. "बेटा, हे लाव आन इसरून जा," त्या म्हणाल्या. मी विसरलो. कचेरीला विसरता आलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दाखला न्यायला आलेले एक आजोबा माझ्या टेबलापाशी थांबले, हवा हुंगली आणि शिपायाला विचारलं, "भजी कधी निघत्याल?" आमचे हेडक्लार्क भागवत साहेब सभ्य माणूस आहेत. त्यांनी फक्त पंख्याची दिशा बदलली. मग माझा वास लेखा विभागात गेला आणि तिथून लेखी विचारणा आली.

दुसरा इलाज वरच्या मजल्यावरच्या त्रिंबक काकांचा. काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आणि त्यांना जगातली प्रत्येक अडचण ही फलाटाची अडचण वाटते. "बद्रीनाथ," ते म्हणाले, "रक्त ही गाडी हाय. गाडी फलाटावर आलीच न्हाई तर प्रवासी चढणार कुठून? शीर्षासन कर."

तर्क निर्दोष होता. मी तेल न पुसता शीर्षासन केलं, यात काकांचा दोष नाही. आमच्या घरात गुळगुळीत फरशी आहे. पाय भिंतीला टेकले, आणि डोकं निघालं. ते संथपणे घसरत मोरीच्या कठड्यापर्यंत गेलं. बाकीचा मी त्याच्या मागोमाग गेलो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "फरशी पुसणार असशील तर तिकडच्या खोलीचीबी पूस."

तिसरा इलाज आईचा स्वतःचा. अंडं, दही, भिजवलेली मेथी. हे थापून गच्चीवर उन्हात पडायचं. मला झोप लागली. जाग आली तेव्हा कोणीतरी फार मायेने माझं डोकं चाटत होतं. मी डोळे उघडले नाहीत, कारण इतकी मायेची वागणूक मला बऱ्याच दिवसांनी मिळत होती. मांजर गेल्यावर पाहिलं तर तेवढा एक भाग लख्ख झाला होता. केस आले नाहीत, पण मांजर पुढचे चार दिवस दुपारी दोनला हजर असायची. वेळेची पक्की.

अशात बुधवार आला. चार दिवस राहिले. आणि अशफाक आला.

अशफाक हाफिजा खालांचा मुलगा. आम्ही एकत्र वाढलो. त्याचा फळांचा गाडा आहे आणि त्या दिवसांत गाड्यावर फक्त सीताफळ होतं. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग गाड्याकडे पाहिलं. मोठमोठे शोध असेच लागत असणार.

"बद्री, बालाघाटाच्या डोंगरावर काय हाय बे?"

"दगड."

"पानी हाय?"

"नाही."

"खत कोण टाकतंय?"

"कोणी नाही."

"तरी सीताफळ येतंय का न्हाई?" तो म्हणाला. "खडकावर येतंय त्ये तुझ्या टकलावर येनार न्हाई? कावून येनार न्हाई?"

मी सात वर्षं सरकारी कचेरीत आहे. इतका सरळ युक्तिवाद मी तिथे ऐकलेला नाही.

शिवाय पुरावाही होता. आमच्याकडे पूर्वी उवा झाल्या की बायका सीताफळाच्या बिया वाटून लावायच्या. उवा मरायच्या, हे सगळ्यांना माहीत आहे. "उवा मारतंय म्हंजे माल जहाल हाय," अशफाक म्हणाला. जे औषध डोक्यावरच्या जिवंत वस्तू मारतं, ते डोक्यावर जिवंत वस्तू उगवेल कसं, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कुणालाच पडला नाही. बाया वाटताना तोंडाला पदर बांधायच्या आणि पोरांच्या डोळ्यांवर घट्ट फडकं बांधायच्या, हेही आम्हाला आठवलं नाही. ते फक्त हाफिजा खालांना आठवलं असतं, पण त्यांना आम्ही विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी मिक्सरमधून काढलेल्या बिया तेलात कालवून डोक्यावर थापल्या आणि कचेरीला जाण्याआधी अर्धा तास उन्हात बसलो. घाम आला. घामाला खाली यायला कुठे अडथळाच नव्हता. पूर्वी भुवयांच्या वर एक जंगल होतं, आता सरळ उतार.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं मी पाहिलेलं नाही. डोळ्यांत कोणीतरी मिरचीचं पोतं झटकलं असं वाटलं. दहा मिनिटांत दोन्ही डोळे सुजून बंद झाले. आई ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, "आता तर फोटोतले डोळेबी गेले."

शहाणा माणूस आधी दवाखान्यात जातो. पण आमच्या कचेरीत हजेरी चेहऱ्यावर लागते. दारात यंत्र आहे. साडेदहाच्या आत तोंड दाखवलं नाही तर गैरहजर, आणि कंत्राटी माणसाची गैरहजेरी थेट कंत्राटालाच चिकटते. कंत्राटी चालत नाहीच, बेकार तर मुळीच चालणार नाही. म्हणून अशफाकने माझा हात धरून मला यंत्रासमोर नेऊन उभं केलं.

"कृपया डोळे मिचकावा," यंत्र म्हणालं.

मिचकावण्यासाठी डोळे आधी उघडावे लागतात. मी बोटांनी एक उघडायचा प्रयत्न केला.

"चेहरा जुळत नाही," यंत्र म्हणालं. तिसऱ्यांदा ते म्हणालं, "अनोळखी व्यक्ती." सात वर्षं मी त्या यंत्राची धूळ पुसली आहे.

भागवत साहेब आले. त्यांचा आवाज अगदी जवळून आला. "तुमी बद्रीनाथच हाय का?"

"साहेब, तुमच्या डब्यातली भाजी सांगू का?"

"ती कोनीबी सांगंल. रोज शेपूच असती." त्यांनी सुस्कारा सोडला. "मला दिसतंय तुमी हायत म्हनून. मशीनला दिसत न्हाई. आन हजेरी मशीन लावतंय, मी न्हाई. तसाबी त्यातला तुमचा फोटो केसांचा हाय. आज ना उद्या ही येळ येनारच होती. तीनदा जुळलं न्हाई की मशीन जुना फोटो बंदच करतंय."

त्यांनी एक फॉर्म माझ्या हातात दिला आणि वाचूनही दाखवला. 'चेहरा अद्ययावत करणेबाबत.' त्यात एक रकाना होता: 'अर्जदारास त्याच्या सध्याच्या स्वरूपात ओळखणाऱ्या व्यक्तीची सही व अर्जदाराशी नाते.' रक्ताचं नातं चालणार नव्हतं. कचेरीतला माणूस चालणार नव्हता. फॉर्म भरून येईपर्यंत साहेब माझी हजेरी वहीत हाताने मांडणार होते, पण फक्त सोमवारपर्यंत.

मी अशफाककडे वळलो, म्हणजे जिकडून सीताफळाचा वास येत होता तिकडे.

"मी न्हाई बे सही करनार," तो म्हणाला. "मागं एका भांडनात साक्षीला सही केलती. भांडनारे एक झाले, मी अजून तारखांना जातोय."

त्रिंबक काकांना फोन लावला. त्यांनी 'सध्याचं स्वरूप' म्हणजे काय ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "हे तात्पुरतं स्वरूप हाय. तात्पुरत्या गाडीला मी कायमचा नंबर कसा देऊ?"

मग आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. अशफाक बाहेर गाड्याजवळ थांबला. मला आत एका खाटेवर आडवं केलं आणि डॉक्टरांनी पापण्या वर करून बघितलं. ते नुसतं "सीताफळ," म्हणाले, जसं पोलीस ओळखीच्या चोराचं नाव घेतात. दृष्टीसुद्धा जाऊ शकली असती, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. अर्धा तास डोळे धुवायला सांगून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. धुवायला एक सिस्टर आल्या. बाटलीतून पाण्याची बारीक धार डोळ्यांत सोडायची, हे त्यांचं काम.

"कावून लावल्या बिया?" त्यांनी विचारलं.

अंधारात आडवं पडलेल्या माणसाला कोणी नीट आवाजात 'कावून' विचारलं, की तो सगळं सांगतो. मीही सांगितलं. कांदा, फरशी, मांजर. त्या मध्ये मध्ये "हं" म्हणत होत्या.

"इतकी घाई कशाची?"

"रविवारी मुलगी बघायला जायचंय, सिस्टर. शिरूर कासारला."

"कुनाची?"

"गहिनीनाथ मुकादमांची."

पाण्याची धार थांबली. मला वाटलं बाटली संपली. मग ती पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जरा जोरात.

"कशी हाय मुलगी?"

"फोटोत छान आहे. पण फोटोचं काय सांगावं, सिस्टर. फोटोत मीपण छान आहे."

"म्हंजे तुमी जुना फोटो दिलाय."

"आईने दिला. पण मी अडवलं नाही, म्हणजे मीच दिला."

"आन रविवारी ते डोकं बघत्याल तवा?"

हा भाग मी पक्का ठरवला होता. आमच्याकडे पाहुणे आले की यजमान टॉवेल-टोपी देऊन मान करतात. टॉवेल खांद्यावर, टोपी डोक्यावर. यजमानाने घातलेली टोपी त्याच्या घरात काढून ठेवणं बरं दिसत नाही. "टोपी एकदा डोक्यावर आली की मी ती काढणारच नाही," मी म्हणालो. "जेवतानाही नाही. त्यांच्याच हाताने झाकलं जाईल. मी कुठे खोटं बोललो?"

"लईच हुशार हायत की," सिस्टर म्हणाल्या.

ही स्तुती आहे असं मला वाटलं. म्हणून मी धीर करून फॉर्मचं सांगितलं. त्यांनी तो घेतला, वाचला असावा. "सध्याच्या स्वरूपात मी तुमाला वळखते, हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "पन नात्याचं काय लिहायचं ते इचार करून सांगते. फॉर्म राहू द्या माझ्यापाशी. रविवारी मिळंल."

"रविवारी मी शिरूरला असणार, सिस्टर."

"हं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली.

शनिवारी पट्टी निघाली. डॉक्टर घरी जाताना वाटेत आमच्याकडे थांबले आणि त्यांनीच ती काढली, त्यामुळे फॉर्मचं विचारायचं राहून गेलं. डोळे आता उघडत होते, फक्त टोमॅटोसारखे दिसत होते. आईने गॉगल दिला. रविवारी आम्ही शिरूर कासारला पोहोचलो: आई, त्रिंबक काका, आणि माल आणायची गाडी त्याची म्हणून अशफाक.

मुकादमांच्या दारात ट्रॉली भरायला लागली होती. कोयते, पत्रे, पाण्याचे ड्रम. मुकादम उंच, मिशीवाले, बोलायला मोजके. त्यांनी आम्हाला बसवलं आणि ताट मागवलं. त्रिंबक काकांना टॉवेल, टोपी. अशफाकला टॉवेल, टोपी. मी मान पुढे करून तयार होतो. माझ्या खांद्यावर टॉवेल आला. मी मान तशीच ठेवली. काही आलं नाही.

"पाव्हनं, राग धरू नका," मुकादम म्हणाले. "टोपी आनलीय. पन पोरगी म्हनली, पाव्हण्याच्या डोक्याला हवा लागू द्या. डॉक्टरनं सांगितलंय."

सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. खिडकीतून ऊन नेमकं त्यावर पडलं होतं आणि समोरच्या भिंतीवर त्याचा एक गोल कवडसा पडला असावा, कारण मुकादमांची सून तिकडे बघत होती. आईने पदर तोंडाला लावला. अशफाकने स्वतःची टोपी काढून माझ्यापुढे धरली, पण हळूच परत घातली.

मग वर्षाराणी पोह्यांची ताटं घेऊन आली. साधी, सावळी, सरळ चालणारी. माझ्यापुढे ताट ठेवताना ती म्हणाली, "पाणी येतंय का अजून डोळ्यातून?"

हा आवाज मी अर्धा तास ऐकला होता. ताट माझ्या हातातून पडलं नाही, कारण ते मी घेतलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच हिशेब झाला: या मुलीला मी किती वेळा सिस्टर म्हणालो. हिशेब लागेना.

काका म्हणाले, पोरांना बोलू द्या. आम्ही बाहेर ट्रॉलीपाशी उभे राहिलो. मी गॉगल काढला. आता झाकायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्यामुळे मला एकदम बरं वाटलं.

"फोटो जुना कावून दिला?" तिने विचारलं. "कावून अडवलं न्हाई आईला?"

"त्या फोटोतला माणूस मलाही आवडायचा."

ती हसली नाही, पण तिने खाली बघितलं. "मलाबी स्टुडिओवाल्यानं इतकी गोरी केली की आमच्या म्हशीनं वळखलं नसतं," ती म्हणाली. "तुमाला गोरी पायजे होती का?"

"मला 'या' म्हणणारी पाहिजे होती."

"एक सांगा. डोळे मिटलेले असताना तुमी एकबी खोटं बोलला न्हाईत. डोळे उघडे असल्यावर जमंल का? कारण संसारात उघडेच ठेवावे लागतेत."

मी जमेल म्हणालो. ती माझ्या डोळ्यांत बघत होती, अर्थात त्यात औषध नीट गेलंय का तेही बघत असावी. मग तिने घडी केलेला फॉर्म दिला. सही होती. नात्याच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, 'ठरायचं आहे'.

"मंगळवारच्या आत सांगते," ती म्हणाली. "आन घरी बिया असतील तर फेकून द्या."

सोमवारी मी फॉर्म भागवत साहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि संगणकाकडे वळले.

"'ठरायचं आहे' हा पर्याय न्हाई."

"'इतर' टाका साहेब."

"'इतर'ला शपथपत्र लागतंय, त्याला आठ दिवस. वहीतली हजेरी आज संपती." त्यांनी माझ्या डोक्याकडे सहानुभूतीने बघितलं. "फोन लावा आन इचारा, नातं काय."

मी फोन लावला. साहेबांनी तो स्पीकरवर टाकायला लावला, कारण नोंद त्यांना करायची होती. लेखा विभाग दारात येऊन उभा राहिला. दाखल्याचे आजोबा परत आले होते, तेही थांबले.

"कोनकोनते पर्याय हायत?" वर्षाराणीने विचारलं.

साहेबांनी वाचायला सुरुवात केली. "शेजारी."

"न्हाई."

"मित्र, मैत्रीण."

"न्हाई."

"घरमालक."

"न्हाई."

"मग एकच ऱ्हातो," साहेब म्हणाले आणि घसा साफ केला. "पती, पत्नी."

फोनमध्ये ट्रॉली भरल्याचा आवाज येत होता. कोणीतरी ड्रम आपटला. मी हनुवटी वर धरून उभा होतो, सवयीने.

"त्येच टाका," ती म्हणाली. "आन बाबांना मी सांगितलंय."

लेखा विभागातून कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "पुरावा लागंल," ते म्हणाले.

"काय चालंल?"

साहेबांनी यादी खालपर्यंत बघितली. "लग्नपत्रिका चालती."

"मग चैत्रात देते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पत्रिका येईपर्यंत साहेबांनी वहीतली हजेरी चैत्रापर्यंत वाढवून घेतली. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, 'अर्जदाराचं स्वरूप मान्य, नाते प्रक्रियेत'. यंत्र अजूनही रोज सकाळी मला अनोळखी व्यक्ती म्हणतं. मी वाद घालत नाही. अशफाकला मात्र माझ्या डोक्याच्या मधोमध एक नवा केस दिसतो. त्याच्या मते तो सीताफळाचा आहे, आणि त्याला पाणी द्यायचं नाही.